टेंभरझिऱ्याचं दूध

रिबेकाच्या म्हशीला टेंभरझिऱ्यात सगळे 'सरकारी म्हैस' म्हणत. नवापूरच्या पुढे गुजरातच्या हद्दीला चिकटून असलेलं हे डोंगरातलं गाव. हद्दीपलीकडे अणुवीज केंद्र होतं आणि तिथल्या प्रयोगशाळेतून भूपेश पाटील नावाचा पोरगा दर महिन्याला मोटारसायकलवर यायचा. तो शहाद्याकडचा, सपाटीवरचा. कुणाच्या वावरातली मूठभर माती, कुणाच्या विहिरीचं पाणी, कुणाच्या परसातली वांगी, असं थोडं थोडं तपासायला न्यायचा. दूध मात्र रिबेकाच्याच गोठ्यातलं, आणि तेही त्याच एका म्हशीचं.

"दरवेळी तेच दूध पाहिलं म्हणजे फरक पडला तर लगेच कळतो, मावशी," त्यानं पहिल्यांदाच सांगितलं होतं.

"आणि पडला का कधी?"

"कधीच नाही."

रिबेकाला त्याचा अभिमान वाटायचा. बाटली भरून झाली की ती त्याच दुधाचा चहा करून त्याला द्यायची. दोन म्हशी झाल्यापासून तिचं आणि नवरा स्टीफनचं बारडोलीकडे ऊसतोडीला जाणं सुटलं होतं. मुलगी काजल एका जागी राहून शिकत होती, यंदा दहावीला होती. आणखी काय हवं?

पावसाळा सरता सरता गावात सराव झाला. केंद्रात कधी काही बिघडलंच तर आसपासच्या गावांनी काय करायचं, त्याची ही रंगीत तालीम. आदल्या दिवशी दवंडी दिली होती. शाळेच्या मैदानावर एका साहेबांनी भाषणही केलं. कोळशाच्या भट्ट्या एक ना एक दिवस बंद कराव्या लागणार, सूर्य मावळला आणि वारा पडला तरी वीज लागतेच, ती धुराशिवाय देणारी ही अणूची वीज, आणि ती सांभाळून वापरायची म्हणून हा सराव, असं ते बोलले. लोकांनी ऐकून घेतलं. मग पांढरे झगे घातलेली, तोंडं झाकलेली माणसं गाडीतून उतरली. एकानं रिबेकाच्या म्हशीच्या कासेजवळ टिकटिक करणारं यंत्र धरलं. भूपेशनं हातमोजे घालून बाटली भरली. सरावच होता, म्हणून पोरं हसत होती. कुणीतरी मोबाईलवर ते टिपलं.

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ नवापूरभर फिरला. सराव हा शब्द त्यात कुठंच नव्हता. खाली लिहिलं होतं, अणूची गळती झाली, डोंगराकडचं दूध पिऊ नका.

संध्याकाळी रिबेका किटली घेऊन फाट्यावरच्या दूध संकलन केंद्रावर गेली, तर लोटननं माप उचललंच नाही. लोटन खानदेशी माणूस, वर्षानुवर्षं तिचं दूध घेणारा. त्याला तिच्या डोळ्यांत बघवेना.

"मी काय करू सांग, ताई? वरथीन फोन उना. तुमना गावनं दूध लेवानं नही."

"अरे, सराव होता तो! तू पण आला होतास बघायला."

"माले ठाऊक शे. गिऱ्हाईकले कोन सांगी?"

रिबेकानं किटलीचं झाकण काढलं, झाकणातच दूध ओतलं आणि रांगेतल्या सगळ्यांसमोर घटाघट पिऊन दाखवलं. लोटन खाली मान घालून म्हणाला, "तू पिशी ताई. शहरना माणूस नही पिवाव." आतमध्ये दूध थंड ठेवणारी टाकी घरघरत होती. तिच्यात इतर गावांचं दूध होतं.

आठवड्यानं भूपेश तपासणीचा अहवाल घेऊन आला. सोबत एक डॉक्टर होते. शाळेच्या मैदानावर गाव जमलं. दुधात काहीही नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. भूपेश सगळ्यांदेखत पेलाभर दूध प्यायला. दूध उत्पादकांचा म्होरक्या फत्तेसिंग शांतपणे ऐकत होता. बर्ड फ्लूच्या वेळी त्यानं पांढरे झगेवाले पाहिले होते. ते आले तेव्हाही आधी तपासणीच म्हणाले होते, आणि मग जेसीबीनं खड्डे खणून कोंबड्या पुरल्या होत्या.

"दुधात काही नाही ना?" त्यानं विचारलं.

"काही नाही, काका."

"मग दर महिन्याला तपासता कशाला?"

"काही नाही हे खात्रीनं कळावं म्हणून."

उत्तर खरं होतं. पण मैदानातून बायका एकेक करून उठू लागल्या. रिबेकाची शेजारीण धनीबाई जाता जाता तिच्यासमोर थांबली. "तूच बोलावलंस त्याला. चहा पाजत होतीस. चांगल्या दुधाला कुणी तपासायला येतं का?"

स्टीफन उठला होता, रिबेकानं त्याचा हात धरून खाली बसवलं. धनीबाईच्या घरीही तीन म्हशी होत्या.

मग दूध घरातच साठू लागलं. तूप काढलं, तर ते विकत घ्यायलाही कुणी नव्हतं. वासरांना पाजलं, उरलं ते ओढ्यात ओतलं. चारा आणि पेंड मात्र रोज लागतच होती. गावातल्या म्हशी एकेक करून कमी होत गेल्या.

पुढच्या महिन्यात भूपेशची मोटारसायकल दाराशी थांबली तेव्हा रिबेका उंबऱ्यातच उभी राहिली.

"नाही द्यायचं दूध."

"मावशी, इथलंच बंद झालं तर उद्या खरंच काही झालं तरी आम्हाला कळणार नाही."

"इतकी वर्षं तुला कळत होतं. त्यानं आमचं काय झालं?"

रिकामी बाटली पिशवीत घालून तो निघून गेला. चहाचं तिनं विचारलं नाही, आणि ते तिला रात्रभर लागून राहिलं.

दिवाळीच्या तोंडावर ती आणि स्टीफन उरलेली सरकारी म्हैस घेऊन जनावरांच्या बाजारात गेले. स्टीफन वैरण आणायला गेला होता तेवढ्यात हद्दीपलीकडचा एक माणूस म्हशीजवळ येऊन थांबला. गोवाल त्याचं नाव. तिच्याच भाषेत बोलत होता. त्यानं दात पाहिले, कास चाचपली.

"कुठली म्हैस?"

"विसरवाडीकडची," रिबेका म्हणाली. आपल्या गावाचं नाव तोंडात येता येता तिनं गिळलं.

सौदा ठरला. दावं सोडता सोडता गोवाल सहज म्हणाला, "मी खरं तर टेंभरझिऱ्याची बघत होतो. तिकडच्या म्हशी दुधाला चांगल्या. लोक घाबरून विकताहेत म्हणे, पण इथं कुणी सांगतच नाही, आमची तिकडची म्हणून."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

तो हसला. "आमच्या अंगणातून त्या अणूचे घुमट दिसतात, बाई. पोरं तिथलंच दूध पिऊन वाढली."

मी टेंभरझिऱ्याचीच, ही तिथलीच, एवढंच रिबेकाला म्हणायचं होतं. पण आता ते म्हणायचं म्हणजे आधीचं खोटं कबूल करायचं. गोवाल म्हशीला हाकत गर्दीत गेला. म्हैस दोनदा मागं वळून हंबरली.

"कोण घेऊन गेलं?" स्टीफननं येऊन विचारलं.

"होता एक," ती म्हणाली.

दिवाळी झाल्यावर ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक गावात आला. यंदा त्यात पुन्हा बरीच घरं चढली, धनीबाईचंही. काजलला एकटं कुठं ठेवायचं, म्हणून तीही आली, पुस्तकं गाठोड्यात बांधून. नाताळ उसाच्या फडातच झाला; तोड उन्हाळ्यापर्यंत चालणार होती. पालात भाकरी थापताना काजलनं विचारलं, परीक्षेला आपण परत जाऊ ना? रिबेकानं चुलीत उसाचं पाचट सरकवलं आणि हो म्हणाली.