ड्रममधलं मटण

सोमवारी सकाळी आठ वाजता पद्मावती चौगुलेनं ऑपरेशन थिएटरमधला ड्रम उघडला आणि तिच्या नाकात कांदा-लसूण चटणीचा वास शिरला. ड्रम म्हणजे झाकणाचा स्टीलचा डबा. त्यात चादरी, गॉजच्या घड्या, हत्यारं भरायची आणि तो ऑटोक्लेव्हमध्ये ठेवायचा. तिथल्या दाबाच्या वाफेत जंतू मरतात, निदान पुस्तकात तरी मरतात.

वरच्या हिरव्या चादरीवर तळहाताएवढा लाल तेलकट डाग होता. तिनं चिमट्यानं गॉजची घडी उलटली. आतून बारीकसं हाड निघालं, शिजलेल्या मांसाचा धागा चिकटलेलं. पद्मावतीनं चिमटा अंगापासून लांब धरला. थिएटरची सिस्टर म्हणून सोळा वर्षं तिनं पू पाहिला, सडलेली बोटं पाहिली, कधी नाक मुरडलं नव्हतं. पण हे गॉज दोन तासांनी कागलच्या विद्याश्रीच्या उघड्या पोटात जाणार होतं. विद्याश्रीचं हर्नियाचं ऑपरेशन दहाला होतं. तिची आई बसव्वा बाहेर बाकावर येऊन बसलीसुद्धा होती.

पद्मावतीनं गुंडूला हाक मारली. गुंडू म्हणजे थिएटरचा अटेंडंट, पन्नाशी उलटलेला, सगळ्यात हात घालणारा आणि कशातच हात न धुणारा.

"काल आखाड पार्टी हुती की, सिस्टर. तुमी सुट्टीवर. ऐन वक्ताला ग्यास संपला. मग म्हटलं, ह्यो काय, मोठा कुकरच हाय! ड्रममदी मटण भरलं आन् लावलं. अर्ध्या तासात लोण्यागत शिजलं. सरांनी दोनदा मागून घेतलं!"

लाज तर सोडाच, गडी शाबासकी ऐकायला उभा होता. ड्रमच्या कडेला वाफ आत जायला भोकं असतात. त्यांतून रस्सा गळून मशीनच्या तळाशी साचलेला, नळ्यांत चरबी बसलेली. त्याच रश्श्याच्या वाफेवर या बहाद्दरानं पहाटे आजची हत्यारं लावली होती.

"आणि मटण भरायच्या आधी ड्रममध्ये काय होतं?"

गुंडूनं डोकं खाजवलं. "दुपारचा त्यो इमर्जन्सी पाय न्हाय का. त्याची हत्यारं धुवायला त्यातनंच नेली. पर मी ड्रम इसळला की! दोनदा."

पद्मावतीनं रजिस्टर उघडलं. रविवार, दुपारी दोन. मधुमेही पेशंट, डाव्या पायाचं सडलेलं मांस काढलं. खाली डॉक्टर अमरसिंहांची सही. हॉस्पिटल त्यांचंच, आणि आज विद्याश्रीवर चाकू चालवणारे हातही त्यांचेच.

ती चादर घेऊन केबिनमध्ये गेली. डॉक्टर नाष्ट्याला बसले होते. ताटात कालचं उरलेलं मटण आणि ज्वारीची भाकरी.

"सर, हे बघा. आजचं ऑपरेशन थांबवायला हवं."

डॉक्टरांनी डाग पाहिला, वास घेतला आणि हसले. "सिस्टर, तुम्ही पडला जैन. तुम्हाला हा वास जरा जास्तच लागतो."

हे तिला रोजचंच होतं. हात धुवा म्हटलं की ती सोवळी, मास्क लावा म्हटलं की ती सोवळी. सगळ्या हॉस्पिटलानं तिचं नावच सोवळी सिस्टर ठेवलं होतं. "दूध उतू गेलं असतं, तरी मी हेच बोलले असते, सर. तेल माखलेल्या कपड्यात वाफ शिरत नाही. पोटात जाळी बसवायची आहे, तिथं पू झाला तर?"

"अहो, एकशे एकवीस डिग्री! पंधरा पौंड प्रेशर! त्यात काय जगतंय? चादर बदला आणि चालू करा. आणि काही झालंच तर अँटिबायोटिक आहेत की." डॉक्टरांनी नळीचं हाड तोंडाला लावून आतली मज्जा ओढली.

मटणाची पद्मावतीला कधी शिसारी आली नव्हती. शेजारच्या टेबलावर लोक रोज खात, ती आपला डबा खाई. आत्ता शिसारी आली ती त्या "आहेत की"ची. एका बाईचं पोट नासेल आणि हा माणूस भाकरी मोडत बसेल! तिचा आवाज मात्र थंड झाला.

"बरोबर आहे, सर. एकशे एकवीस डिग्रीत काय जगतंय? काल तुम्ही तो पाय साफ केलात ना, त्याची हत्यारं पुवासकट याच ड्रममध्ये पडली होती. गुंडूनं ड्रम पाण्यानं विसळला आणि त्यातच हे मटण शिजवलं. खावा निवांत."

डॉक्टरांचा जबडा थांबला. त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग बोटांवरून ओघळणाऱ्या रश्श्याकडे. खुर्ची मागं पडली आणि ते बेसिनकडे धावले. बराच वेळ ओकाऱ्यांचा आवाज येत राहिला.

"रद्द करा," ते ओल्या तोंडानं बाहेर येत म्हणाले. "मशीन बंद. त्या गाढवाला आजच हाकला. आणि नातेवाइकांना सांगा, मशीन बिघडलंय." विद्याश्रीच्या पोटासाठी जे होत नव्हतं, ते साहेबांच्या स्वतःच्या पोटासाठी एका झटक्यात झालं.

पद्मावती बाहेर आली. बसव्वा बाकावरून उठली. "काय झालं वो, सिस्टरबाई? आत न्यायची न्हवं पोरीला?"

"आज नाही. डॉक्टरांचं पोट बिघडलंय." तिच्या तोंडून निघून गेलं.

"आगं बया! दिसभर दुसऱ्याचं बघत्यात, सोताकडं कवा बघणार वो त्यांनी?" बसव्वानं पिशवीत हात घालून कागदाची पुडी काढली. "ओवा हाय. कोमट पाण्यासंगट घ्या म्हणावं. लेकीसाठी आणलेला, पर आता त्यांनाच गरज हाय."

पद्मावतीनं पुडी घेतली नाही. ती बसव्वाशेजारी बाकावर बसली आणि गॉजमधल्या हाडापासून बेसिनपर्यंत सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता.

बसव्वानं पुडी पिशवीत टाकली, लेकीच्या खोलीच्या दारात गेली आणि म्हणाली, "इद्या, ऊठ. चप्पल घाल."