शेवटच्या कडव्यातलं नाव

पाटोळे मॅडम गाणं शेवटाकडून ऐकायच्या. चाल कोणती, आवाज कोणाचा, याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसे. शेवटचं कडवं येईपर्यंत त्या दम धरून बसत आणि त्यात 'अमुक म्हणे' असं नाव आलं की समाधानानं मान हलवत. लग्नात, बारशात, अगदी रिक्षात बसल्यावरसुद्धा हेच. नगरच्या विधी महाविद्यालयात सकाळी त्या कॉपीराइटचा कायदा शिकवायच्या, दुपारी काळा कोट चढवून जिल्हा न्यायालयात उभ्या राहायच्या आणि दोन्हीकडे त्यांचं सांगणं एकच असायचं: आपले गाणारे भोळे नव्हते, त्यांनी आपली सही गाण्यातच करून ठेवली आहे.

हे त्यांनी नुसतं मांडलं नाही, चालवून दाखवलं. कायद्यात एक सोयीची तरतूद आहे. कृतीवर ज्याचं नाव, तोच तिचा कर्ता, असं उलट सिद्ध होईपर्यंत न्यायालयानं धरून चालायचं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच्या नावाला हे लागू होतं, तर शेवटच्या कडव्यातल्या नावाला का नाही? या एका प्रश्नावर मॅडमची डॉक्टरेट झाली, इंग्रजी पुस्तक निघालं, आणि एका शाहिराची गाणी कॅसेट कंपनीच्या घशातून काढून त्यांनी त्याच्या लेकींच्या हवाली केली तीही याच जोरावर. पुस्तकाच्या पहिल्या पानावर मात्र शाहीर नव्हता. तिथं एक नाताळचं गीत होतं, 'दोन मुठी जोंधळा घरी, राजा आला पाहुणा'. त्याच्या शेवटच्या कडव्यात 'नोहा म्हणे'. नोहा पाटोळे म्हणजे शेवगावच्या पुढच्या बोरखडीतले शाळामास्तर. मॅडमचे पप्पा.

या सिद्धांताची खोडी वर्गात एकदाच कोणी काढली होती. कल्याण दरंदले नावाचा मागच्या बाकावरचा गडी उठून म्हणाला, ''मॅडम, या हिशेबानं वाढदिवसाचं गाणं ज्याचा वाढदिवस त्यानंच लिहिलं म्हणायचं का?'' वर्ग खदखदला. मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, ''बस खाली.'' उत्तर त्यांनी दिलं नाही. द्यायची गरजच वाटली नाही.

गेल्या वर्षी बोरखडीचा सुनील भांबळ त्यांच्या ऑफिसात आला. साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरीला, रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवणारा. त्याचे आजोबा जॉर्ज भांबळ गवंडी होते आणि मॅडमच्या पप्पांचे जिवाभावाचे दोस्त. दोघंही आता नव्हते.

''हन्नाताई, हे ऐका,'' म्हणत त्यानं मोबाईल पुढं केला. पुण्याच्या एका कंपनीनं 'उजेड निजला गवतात' हे बोरखडीचं गीत नव्या गोड आवाजात बाजारात आणलं होतं. खाली लिहिलं होतं: गीत, पारंपरिक.

मॅडमना या शब्दाची चीड होती. पारंपरिक म्हणजे बेवारस, आणि बेवारस म्हणजे ज्याला सापडेल त्यानं उचलायचं.

''आमच्या आज्याचं नाव हाय त्यात,'' सुनील म्हणाला. ''शेवटाला. जार्ज म्हणे, दार माझे उघडेच राहो. गावातलं बारकं पोरगं बी सांगंल. आमाला पैसा नको, ताई. त्या पारंपरिकच्या जागी आज्याचं नाव लागाया पायजे, बास. गवंडी मानूस हुता. बांधलेल्या भिंती बी आता पडाया लागल्यात. हे तेवढं ऱ्हायलंय.''

मॅडमच्या दृष्टीनं हे काम हातचा मळ होतं. दावा दाखल झाला. कंपनीच्या बाजूनं वकील म्हणून नेमका कल्याण दरंदले उभा राहिला, तेव्हा तर त्यांना गंमतच वाटली.

आता जॉर्जकाकांच्या वेळचं कोणीतरी शपथपत्राला हवं होतं. बोरखडीच्या चर्चच्या भजनी मंडळातलं कोणी मागं उरलं नव्हतं. मॅडमची आई मात्र होती, सावेडीच्या घरात, कानानं जरा मंद, बाकी खणखणीत. रविवारी चर्चहून आल्यावर ती मेथी निवडत बसली होती.

''आई, 'उजेड निजला' जॉर्जकाकांनी कधी लिहिलं, आठवतं का?'' मॅडमनी मोठ्यानं विचारलं.

''जॉर्जभाऊंनी कुठं? ते तुझ्या पप्पांनी लिहिलं.''

''अगं, नाव जॉर्जकाकांचं आहे त्यात.''

''मग? त्यांनाच दिलं होतं ना ते.''

आईला यात समजावून सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं; मॅडमनी एकेक प्रश्न विचारून ते काढलं. नाताळच्या दिवशी दोस्ताच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून ते दोघं एकमेकांना एकेक गीत भेट द्यायची. ज्याला द्यायचं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात घालायचं, म्हणजे भेट पोचली. लिहिलं कोणी हे कोणाला सांगायचं नाही अशी शपथ होती. म्हणजे दोघांच्या बायकांना माहीत आणि बाकी कोणाला नाही.

 मॅडमच्या आवाजातला वकील कुठच्या कुठे गेला.

''आणि 'दोन मुठी जोंधळा'?''

''ते जॉर्जभाऊंचं. पप्पांना दिलेलं.''

''आई, माझ्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर आहे ते! तेव्हा का नाही बोललीस?''

''पुस्तक इंग्रजीत होतं. मला वाटलं, बरोबर असेल.'' आईनं एक जून काडी बाजूला टाकली. ''पप्पा घेऊन गेले होते ते बोरखडीला, जॉर्जभाऊंना दाखवायला. दोघं इतके हसले म्हणे, की जॉर्जभाऊंना ठसका लागला.''

मॅडमना वाईट वाटलं, आणि सिद्धांताबद्दल वाटायच्या आधी त्या गाण्याबद्दल वाटलं. लहानपणापासून ते गाणं आपल्या बापाचं म्हणून त्यांनी मिरवलं होतं. नगरला शिकायला आल्यावर होस्टेलच्या मुलींना म्हणून दाखवलं होतं.

आता प्रश्न सरळ होता. गप्प बसलं तर दावा जिंकलेलाच होता. सुनीलच्या आजोबांचं नाव लागलं असतं, पुस्तक शाबूत राहिलं असतं, आणि नुकसान झालंच तर एका गेलेल्या माणसाचं, ज्यानं ते गाणं आपल्या हातानं देऊन टाकलं होतं. आईचंही मत तेच पडलं. ''तू कशाला तोंड उघडतेस? त्यांनी दिलं, यांनी घेतलं.''

पण जे खोटं आहे हे आपल्याला ठाऊक आहे ते न्यायालयापुढं खरं म्हणून ठेवायचं, हे मॅडमना जमणारं नव्हतं. आणि दुसरं कारण इतकं स्वच्छ नव्हतं. पुस्तकातलं गाणं हातचं गेलं होतं; निदान हे तरी पप्पांच्या नावावर यावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

त्यांनी सुनीलला बोलावून सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला.

''म्हंजे पुस्तकातलं आमच्या आज्याचं?''

''हो.''

''आन् हे तुमच्या पप्पांचं.''

''हो.''

''मंग खरं हाय तेच बोला, ताई. आज्यानं फुकटचं नाव मिरवलं, असं नगं व्हाया.''

हे वाक्य मॅडमना खुपलं. का खुपलं ते त्यांना तेव्हा सांगता आलं नसतं.

दाव्यातला मजकूर बदलला; कर्ता म्हणून आता पप्पांचं नाव आलं. आपणच आता साक्षीदार, तेव्हा मॅडमनी काम अफ्रीन शेख या आपल्या ज्युनिअरकडे दिलं आणि स्वतः पिंजऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. कल्याणनं उलटतपासाला त्यांचंच पुस्तक उघडलं.

''शेवटच्या कडव्यात ज्याचं नाव, तोच गीताचा कर्ता. हे वाक्य आपलं?''

''माझं.''

''ते बरोबर आहे?''

''नाही. दर वेळी नाही.''

मागं बसलेल्या दोन वकिलांनी माना वर केल्या. त्यातले एक स्वतःच्या खटल्यात हेच वाक्य वापरत होते. कल्याणनं पुस्तक मिटलं आणि जरा घुटमळला. ''मॅडम, ते वाढदिवसाचं गाणं...''

''हो. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं,'' मॅडम म्हणाल्या. न्यायाधीशांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. त्यांना काही कळलं नाही.

आईची साक्ष फार लांबली नाही, पण तिच्यापुढं कोणाचं काही चालण्यासारखं नव्हतं. कंपनीला खाली कोणाचंही नाव चाललं असतं. तडजोड झाली आणि मोबाईलवर अक्षरं उमटली: गीत, नोहा पाटोळे. मॅडमनी पुस्तकाचं पहिलं प्रकरण मागं घेतलं. दोघातिघांनी फोन करून हळहळ व्यक्त केली, एकानं न विचारता सल्ला दिला. कॉलेजात पोरांनी तो विषय सभ्यपणानं टाळला, हे त्यांना जास्त लागलं.

नाताळला त्या आईला घेऊन बोरखडीला गेल्या. संध्याकाळच्या भजनाला चर्च भरलं होतं. सतरंज्यांवर जागा नव्हती म्हणून आईला भिंतीकडेच्या बाकावर बसवलं होतं. सुनील पेटीवर. 'उजेड निजला गवतात' सुरू झालं तशी आई ओठ हलवू लागली. मॅडम नेहमीप्रमाणे शेवटाची वाट बघत राहिल्या.

शेवटचं कडवं आलं. सुनीलनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज चढवला: ''नोहा म्हणे, दार माझे उघडेच राहो.''

मागची मंडळी अर्धा ठेका अडखळली, मग तेच नाव घेऊन म्हणू लागली. मॅडमचा ऊर भरून आला. एवढ्यात आईनं त्यांचं मनगट घट्ट धरलं.

''काय म्हणाला तो?''

''नोहा म्हणाला, आई. पप्पांचं नाव घेतलं त्यानं.''

आईचा चेहरा एकदम उतरला. ''का गं? जॉर्जभाऊंनी परत केलं?''

 आई उत्तरासाठी मॅडमच्या तोंडाकडे बघत होती, आणि मनगट सोडत नव्हती. दोन म्हातारे पुस्तक पुढ्यात घेऊन ज्याला हसले होते, ते आपल्याला आत्ता कळतंय, याची मॅडमना लाज वाटली आणि रडूही आलं. त्या तशाच उठून उभ्या राहिल्या.

''सुनील, थांब.'' कोर्टातला आवाज होता. पेटी बंद पडली. ''शेवटचं कडवं परत म्हण.''

''चुकलं का काय, ताई?''

''चुकलं. जॉर्ज म्हण.''

''पर आता तर कोर्टातच ठरलं ना, लिवलं कुनी ते?''

''लिहिलं पप्पांनीच. पण तुझ्या आजोबांना दिलंय ते. फुकट नाही मिरवलं त्यांनी. त्यांचं आहे.''

सुनीलनं मान खाली घातली, बोटं पट्ट्यांवर ठेवली, आणि जरा वेळानं चर्चभर आवाज उठला. ''जार्ज म्हणे...'' मॅडमनी डोळे पुसत मोठ्यानं साथ दिली. आई त्यांच्या ओठांकडे बघत राहिली, नाव नीट आलं याची तिची खात्री झाली, आणि मग तिनं मनगट सोडलं.