शेऱ्यांचा रकाना

बुधवारी दुपारी साडेबारा वाजता डॉ. नीलांबरी राजवाडेने लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर तीन बोटं धरली. ओहायोतल्या डब्लिनमध्ये तिच्या जेवणाच्या टेबलावर लख्ख ऊन होतं. पडद्यापलीकडे इराणमधल्या करज शहरात रात्रीचे नऊ वाजले होते आणि एका स्वयंपाकघरात, खुर्चीवर, एकवीस वर्षांची मुलगी बसली होती.

डाव्या डोळ्यावर पट्टी. गालावर आणि कपाळावर छर्ऱ्यांच्या चौदा जखमा. त्यांतले नऊ छर्रे आझर नावाच्या नर्सने नीलांबरीच्या सूचनेप्रमाणे चिमट्याने उकरून काढले होते, भूल न देता, मुलीच्या तोंडात टॉवेलचा बोळा कोंबून. मोर्चात पोलिसांनी दहा पावलांवरून बार काढला होता. हॉस्पिटलात गेलं की कॉटवरूनच उचलून नेतात, म्हणून जखमी घरीच पडून राहत. डावा डोळा गेलाच होता. फुटलेल्या डोळ्याचा दाह चांगल्या डोळ्यात उतरू नये, एवढ्यासाठी दर तीन दिवसांनी हा कॉल होता.

"किती बोटं?" नीलांबरीने विचारलं. टेबलाशी तिच्या शेजारीच बसलेल्या सोहेलाने ते फारसीत सांगितलं.

नीलांबरी नेत्रतज्ज्ञ, सोहेला भूलतज्ज्ञ. दोघींनी कोलंबसच्या एकाच हॉस्पिटलात वीस वर्षं काढली आणि एकाच वर्षी निवृत्त झाल्या. सोहेलाचं माहेर करजचं. सात आठवड्यांपूर्वी तिने जगभरातले तीस डॉक्टर गोळा केले आणि एकच नियम घातला: पेशंटचं नाव विचारायचं नाही, नंबरावर काम चालवायचं. ही मुलगी सोहेलासाठी सात नंबर होती.

नीलांबरीला मात्र तिचं नाव ठाऊक होतं.

"तीन," मुलगी इंग्रजीतच म्हणाली आणि हसली. "डॉक्टर, तुमचं नेलपॉलिश उडालंय."

"बघ, म्हणजे नजर शाबूत आहे," सोहेला म्हणाली. "आगाऊपणाही."

तेवढ्यात दार फुटलं.

आधी लाकडाचा आवाज आला, मग आझरची किंकाळी. फोन खाली पडला आणि पडद्यावर फरशी आडवी झाली. चार बूट आत आले, मग आणखी दोन. आझर मध्ये पडली असावी, कारण काठीचा एक फटका ऐकू आला आणि ती फरशीवर कोसळली. तिचा चेहरा कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर होता. एका बुटाने तिच्या तोंडावर लाथ घातली. दुसऱ्यांदा घातली. दात तुटून रक्ताबरोबर बाहेर आला.

वर कुणीतरी कागदावरून वाचत होतं. मुलीचं नाव, तराने सालेही, आणि मग जन्मतारीख. नीलांबरीला फारसी येत नव्हती, तरी हिंदी ऐकलेल्या तिच्या कानांनी तेवढं बरोबर पकडलं: मार्स, दो हेझार.

मुलीची पट्टी फरशीवर पडली. तिला केसांना धरून ओढत नेलं. टाचा फरशीवर घासत गेल्या आणि तिचं ओरडणं जिन्यात लांब होत गेलं. मग कुणीतरी फोनवर पाय दिला.

सोहेला पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "त्याने तारीख इकडच्या कॅलेंडरने वाचली. अकरा मार्च, दोन हजार एक. तिकडे कुणी अशी तारीख लिहीत नाही, नीला. तिच्या ओळखपत्रावर आमचं इराणी तेराशे एकोणऐंशी साल असेल. हा कागद तिकडचा नाही."

नीलांबरी उठली आणि स्वयंपाकघरात गेली. नळ सोडला, पण पाणी प्यायली नाही.

तेराशे एकोणऐंशीचं दोन हजार एक तिनेच केलं होतं, एका वेबसाइटवर, चष्मा लावून. एक्क्याण्णव साली तिने एका सर्जनला चुकीचा डोळा काढताना पाहिलं होतं. दोन पेशंट, सारखंच आडनाव. जन्मतारीख कुणी विचारली नव्हती. तेव्हापासून नाव आणि जन्मतारीख ऐकल्याशिवाय तिने कुणाच्या डोळ्याला हात लावला नव्हता. नुसत्या नंबरावर औषध सांगायचं म्हणजे तिला गाडी डोळे मिटून चालवल्यासारखं वाटे. म्हणून तिने आझरला परस्पर मेसेज केला आणि आझरने, तीही हॉस्पिटलात वाढलेली, मुकाट्याने जन्मतारखांसह नावं पाठवली. डॉक्टरांच्या टिपांच्या ऑनलाइन तक्त्यात शेऱ्यांचा एक रकाना होता. तिथे नीलांबरीने ती नीट भरली. सोहेला तो तक्ता उघडत नसे. बाकीचे सगळे उघडत, आणि त्यांतल्या निम्म्यांना कुणीच प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं.

उल्हास, तिचा नवरा, मागून आला. बाहेरच्या खोलीतून त्याने सगळं ऐकलं होतं.

"तूच लिहिलंस का ते?" त्याने हळूच विचारलं.

तिने होकाराची मान हलवली.

"मग आता आधी ते डिलीट कर. आणि तिला काही सांगू नकोस. अगं, फोन ट्रेस केला असेल, शेजाऱ्याने सांगितलं असेल. कशाला ओढवून घेतेस?"

"बाकीची नावंही आहेत त्यात."

"किती?"

"अकरा."

"मग डिलीट कर म्हणतोय ना!"

"त्यांनी वाचलंय, उल्हास. डिलीट करून मी फक्त माझी अब्रू वाचवीन."

ती बाहेर आली आणि उभ्याउभ्याच सांगितलं. काय लिहिलं, कुठे, कधीपासून. सोहेला उठली आणि नीलांबरीच्या कानाखाली वाजवली. चष्मा टेबलाखाली गेला.

"सोहेला!" उल्हास ओरडला.

"तू गप्प बस," नीलांबरी त्याला म्हणाली.

सोहेलाने आपला फोन काढला. पेशंटचे संपर्क फक्त तिच्याकडे होते, नंबराप्रमाणे. "कुठले कुठले?" तिने विचारलं. आवाज ऑपरेशन थिएटरमधला होता.

"दोन नंबर."

दोन नंबरच्या आईने उचललं. सोहेला चारच शब्द बोलली. पलीकडे भांडं पडलं, दार उघडल्याचा आवाज आला. चार नंबरने स्वतः उचललं आणि रडायला लागला. सोहेला त्याच्यावर खेकसली: चपला नंतर, आधी नीघ. नऊ नंबरची रिंग वाजत राहिली. तिने तीनदा लावला.

"अकरा," नीलांबरी म्हणाली. तिचा गाल बधिर झाला होता.

अकरा नंबरचा फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला. मागे कुणीतरी कण्हत होतं. एक पुरुष स्वच्छ इंग्रजीत म्हणाला, "गुड इव्हनिंग, डॉक्टर. बोला, मी ऐकतोय."

सोहेलाने फोन बंद केला. अजून सात जण उरले होते.

"पुढचा," ती म्हणाली.