मुळाची बाजू

लोखंड ताणून, वाकवून, तोडून बघायच्या प्रयोगशाळेत ती शिकाऊ तंत्रज्ञ म्हणून लागली, तेव्हा ऐट मिरवली ती तिच्या दादाने. तो वेल्डर. आईवडलांमागे बहिणीला त्यानेच वाढवलं होतं. आता तो गल्लीभर सांगत सुटला, की आम्ही जोडतो आणि आमच्या बाईसाहेब मोडतात.

तिथल्या मुख्य तंत्रज्ञाला सगळे पाठीमागे मुनी म्हणत, कारण दिवसाकाठी तो चार शब्द बोलला म्हणजे डोक्यावरून पाणी. पहिल्याच दिवशी त्यातले बरेचसे त्याने तिच्यावर खर्च केले.

"पट्टीला नाव नसतं, नंबर असतो. कुणाची आहे ते विचारायचं नाही."

मग त्याने वाकवायचं यंत्र दाखवलं. वेल्डिंगच्या जोडातून कापलेली पट्टी दोन रुळांवर आडवी ठेवायची, वरून दट्ट्या येऊन तिला वाकवतो. जोडाच्या मुळाची, म्हणजे जिथून धातू भरायला सुरुवात होते ती, बाजू खाली हवी. खालची बाजू ताणली जाते, आत खोट असेल तर तिथे तोंड उघडतं. वरची नुसती दबते, आणि दबलेली खोट दिसत नाही. शेंबड्या पोराला कळेल इतकं सोपं.

पुढे दादाच्या कारखान्याने सगळ्या वेल्डरांची परीक्षा नव्याने घ्यायची ठरवली. नापास होईल त्याने गोदाम झाडायचं. दादा हसण्यावारी नेत होता. पण हल्ली तो सुईत दोरा ओवायला तिच्याकडे द्यायचा, नि वर्तमानपत्र हात लांब करून वाचायचा. तिला ते दिसत होतं आणि ती कानाडोळा करत होती.

जोड तपासायला आले ते तिच्याच टेबलावर. एकावरच्या थिजलेल्या धातूच्या लहरी इतरांपेक्षा उलट्या बाजूला कललेल्या होत्या. दादा डावखुरा. तिने जोडावरचा उंचवटा घासून पट्टी सपाट केली आणि उलटी केली. मुळाशी केसाएवढी काळी रेघ होती. तिथवर धातू पोचलाच नव्हता. त्याला ते दिसलं नसणार, एवढंच. तिला त्याचा संतापच आला. चष्मा लावला असता तर काय नाक झिजलं असतं?

तिने पट्टी रीतसर ठेवली, मूळ खाली. दट्ट्या उतरू लागला. पट्टीला टेकायच्या आत तिने यंत्र थांबवलं, पट्टी उलटी केली आणि पुन्हा चालू केलं. पट्टी लोण्यासारखी वाकली. बाहेरून ओरखडासुद्धा नाही.

कोपऱ्यातल्या बेसिनपाशी मुनी हात धूत होता आणि बघत होता. तो आला, पट्टी उचलली, वाकाच्या आतल्या बाजूवर अंगठा फिरवला, बरोबर रेघेवरून. आता आपलं भरलं, असं तिला वाटलं. मुनीने 'पास' लिहिलं आणि सही ठोकली.

घरी दादाची स्वारी खुशीत होती. त्याला मोठ्या वाफेच्या टाकीच्या जोडांवर घेतलं होतं.

"मी निर्धास्त होतो," तो जेवताना म्हणाला. "पट्टी तुझ्या हाताखालून जाणार म्हटल्यावर तिथं खोटंनाटं होणारच नव्हतं."

ती ताटाकडे बघत म्हणाली, की दादा, एकदा डोळे तपासून घे.

"पास झालेल्याचे?" त्याने तिलाच वेड्यात काढलं.

काही दिवसांनी मुनी तिच्या टेबलाशी आला. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्याने खिशातून एक पट्टी काढून तिच्यापुढे ठेवली. मुळाशी रेघ होती, दादाच्या पट्टीपेक्षा चांगली जाड.

"हिलाही नाव आहे," तो म्हणाला.

कुणाचं, ते तिने विचारलं नाही. विचारायचं नसतं, हे त्यानेच शिकवलं होतं. तिला स्वतःची शिसारी आली, आणि तरी हात थांबले नाहीत. तिने पट्टी रुळांवर ठेवली, मूळ वर. तेवढ्यात मुनी हात धुवायला गेला.