समोरासमोरचं वजन

वाशीम जिल्ह्याला समुद्र नाही, पण चौपाट्या बऱ्याच आहेत. दोन भेळेच्या गाड्या आणि एक पाणीपुरीवाला संध्याकाळी एका ओळीत उभे राहिले की आपल्याकडं चौपाटी होते. केनवडच्या अलीकडच्या तळेगव्हाणची चौपाटी मात्र याहून एक पायरी वर होती. तिथं पाणी होतं. पाझर तलावाचं, दिवाळी ते संक्रांत. आणि पाण्याच्या काठाला खराखुरा समुद्रावरचा आकाशपाळणा होता.

तो दोन हजार चार साली कोकणातल्या कुठल्याशा किनाऱ्यावरून जुन्यात आणला होता. आठ पाळणे, आठही माशाच्या आकाराचे, आणि खाऱ्या हवेनं सगळ्यांना आधीच तांबेरा धरलेला. ट्रकमध्ये त्याच्यासोबत एक पाटीही आली, 'भरतीच्या वेळी खडकावर जाऊ नये'. पाटी कोणी मागवली नव्हती. पण आलेली वस्तू परत कशी पाठवायची, म्हणून तीही तळ्याकाठी रोवली. आता पाळण्याला एकवीस वर्षांचा गंज आहे आणि पाटी शाबूत आहे. तळेगव्हाणात आजवर भरतीनं कोणी दगावलेलं नाही.

या पाळण्याचा चालक देवमन. गावच्या नळयोजनेचा मोटारपंप तो चालवायचा, म्हणून पाळण्याचा खटकाही त्याच्याच हाती दिला होता. आज त्रेसष्ट वर्षांचा झाला, पंप सुटला, तरी गावात त्याला 'पाळणेवाला देवमन' म्हणतात आणि हे त्याला आवडतं. स्वभावानं संशयी. दुधात पाणी असलं तर तो दूधवाल्याशी भांडायचा, आणि नसलं तर आज ह्यानं पाणी काहून नाही टाकलं, या काळजीत दिवस काढायचा.

तर अशा देवमनला यंदाच्या दिवाळीनंतर कळलं, की पाळणा पुन्हा सुरू करायचं गावानं मनावर घेतलंय.

मनावर घेतलं होतं पल्लवीनं. ती ग्रामपंचायतीची सदस्य, देवमनच्या चुलत भावाची सून. गावाला 'क' वर्ग पर्यटनस्थळाचा दर्जा मिळाला तर दुरुस्ती होईल, असं तिनं वाशीमला ऐकलं होतं. प्रस्तावाला लोकांच्या आठवणी जोडायच्या होत्या. तिनं मोबाइलवर 'आपला पाळणा, आपल्या आठवणी' असा ग्रुप काढला आणि आठवडाभरात दोनशे बारा आठवणी जमल्या.

माणिकराव दरसाल जत्रेत पाळण्यात बसायचे. एकाला वरून रिसोडची बाजारसमिती दिसली होती, दुसऱ्याला लोणार. ललिताबाईची तर सोयरीकच पाळण्यात जमली होती. ललिताबाईचं लग्न अठ्ठ्याण्णव सालचं.

देवमननं लिहून आलेल्या सगळ्या आठवणी वाचल्या आणि चष्मा पुसून पुन्हा वाचल्या. कारण पाळण्यात कोण बसलं, हे तळेगव्हाणात पक्कं ठाऊक असलेला माणूस तो एकटाच होता. प्रत्येक माशाची साखळी त्यानं स्वतःच्या हातानं लावली होती. उद्घाटनाच्या दिवशी पहिल्या फेरीत बसले ते पाहुणे आणि त्यांची माणसं. दुसऱ्या फेरीत पाहुण्यांची आणखी माणसं. तिसरी फेरी अर्ध्यात असताना डीपी उडाली आणि मोटार जळाली. पाहुण्यांचे मेहुणे सव्वा तास वर राहिले. शेवटी शिडी लावून उतरवले. त्यानंतर पाळणा फिरला नाही. जत्रा तर तळेगव्हाणला कधी भरतच नाही. म्हणजे सगळी मिळून अडीच फेरी, आणि त्यात गावचं एकही माणूस नाही.

देवमननं पल्लवीला गाठलं.

"पोरी, खरं सांग. याच्यामागं कोन हाय?"

"कोनीच नाई, काका."

"कोनीच नाई म्हनजे मोठा मानूस असन."

"अहो काका, लोकाईले पाळना पाह्यजे."

"आजवर नोता पाह्यजे, तो आताच काहून पाह्यजे झाला? भंगारवाला हाय का कोनी? का तळ्याच्या काठची जागा हाय कोनाच्या डोळ्यात?"

पल्लवीनं एक कागद पुढं केला. चालकाचा दाखला. छापून तयार होता: 'सदर पाळणा मी स्वतः चालविला असून तो सर्व ग्रामस्थांच्या नित्य वापरात होता.' खाली देवमनचं नाव आणि सहीला जागा.

"सोमवारी फाइल वाशीमले जाते. तुमच्या सहीबिगर जात नाई," ती म्हणाली. "अन् काका, काकूची आठवन सगळ्यात भारी हाय. पयल्या पानावर टाकली."

"कोनत्या काकूची?"

"आपल्या! बेबीकाकूची. ऐका नं."

तिनं मोबाइल त्याच्या कानाशी धरला. आतून त्याच्या बायकोचा आवाज आला. लग्नात होता तसा, हसरा. "मी तं पयल्याच फेरीत बसली होती व माय. आमी समोरासमोर होतो. मी वर गेली का समोरचं खाली, समोरचं वर आलं का मी खाली. वरून पुऱ्या तळ्याचं पानी दिसे."

मग पल्लवीचा प्रश्न: "समोर कोन होतं, काकू?"

मग बेबीताईचं हसणं. मग काहीच नाही.

गावानं दोनशे अकरा खोट्या आठवणी सांगितल्या, त्यानं देवमनची फक्त करमणूक झाली होती. दोनशे बाराव्या आठवणीनं त्याचं जेवण तुटलं. पहिल्या फेरीतली आठही माणसं त्याला तोंडपाठ होती आणि आठही पुरुष होते. त्यांत बेबी नव्हती. पण माणूस खोटं बोलतो तेव्हा लोणार दिसलं म्हणतो. 'मी वर गेली का समोरचं खाली' असं म्हणत नाही. ते बसलेलं माणूसच सांगतं.

बेबीताई अंगणात तूर पाखडत बसली होती.

"पाळन्यात कवा बसली होती तू?"

सूप थांबलं नाही. "पयल्या फेरीत."

"पयल्या फेरीत मी होतो खटक्यावर."

"असान."

"मंग समोर कोन होतं?"

"वचन देल्लं हाय मी. सांगत नसते."

"कोनाले देल्लं?"

"ते सांगतलं तं वचन कायचं?" तिनं सूप खाली ठेवलं. "साऱ्या गावानं फेका मारल्या, ते तुमाले गोड लागलं. माह्यं एकटीचंच बरं खुपते तुमाले."

देवमननं दोन दिवस हिशेब मांडला. पाहुण्यांच्या माणसांचे चेहरे एकेक करून आठवून पाहिले; त्यातल्या एकाला मिशा होत्या आणि तो जरा जास्तच हसत होता, एवढंच निष्पन्न झालं. तिसऱ्या दिवशी, रविवारी, तो बंजारा तांड्यावर गेला. पाळणा उभा केला होता हेमसिंगनं. पायाची खडी वाहायला तांड्यातल्याच बाया होत्या.

हेमसिंग बाजेवर बसून रेडिओ दुरुस्त करत होता. देवमनला पाहताच त्यानं रेडिओ पाठीमागं सारला.

"जय भीम, देवमन. कोनं पाठोलं?"

"जय सेवालाल. कोनीच नाई पाठोलं."

"मंग कायले आला?"

"पाळन्याचं इचाराचं हाय."

"इन्क्वायरी हाय का?" हेमसिंगचा चेहरा एकदम पडला. "मोटार आमी नोती जोडली. नट-बोल्ट आमचे, मोटार ठेकेदाराची. लिहून घे."

"मी काय लिहून राह्यलो का? मले फक्त एक सांग. उद्घाटनाच्या आंधी पाळन्यात कोनी बसलं होतं का?"

हेमसिंगनं आभाळाकडं पाहिलं. "नाई."

"कोनीच?"

"एक चिडी बसली होती."

आतून हेमसिंगची बायको हिरीबाई आली. वाळलेली, काटक, तोंडात सुपारी. ती देवमनकडं पाहून हसली आणि नवऱ्यावर खेकसली, "सांगून टाक न बे! ठेकेदार मरून धा वर्स झाले. कोनाले भेतं आता?"

"तूच सांग मंग. तूच बसली होती."

देवमन बाजेच्या कडेवर टेकला.

"नऊ दिवस खडी वाह्यली आमी," हिरीबाई म्हणाली. "ठेकेदार म्हने, पाहुन्याच्या आंधी कोनी बसलं तं सगळ्याईले कामावरून काढतो. आता उद्घाटनाच्या आदल्या दिवशी याले पाह्याचं होतं, पाळना नीट फिरते का नाई. मोटार अजून जोडाची होती. मंग हातानं फिरवाचं ठरलं."

"हातानं फिरवाचं तं समोरासमोर वजन सारखं लागते," हेमसिंग म्हणाला. आता त्याला धीर आला होता. कामाचं बोलणं होतं. "एका अंगाले जड झाला तं पाळना तिकडंच येऊन बसते, हालत नाई. आठ मासोळ्या, आठ मानसं पाह्यजे. आमच्या सात बाया होत्या. हिरीच्या समोरची जागा रिकामी. तिच्याएवढ्या अंगाची कोनी भेटे ना. तेवढ्यात तुही बायको आली."

"कायले आली होती?"

"तुहा डबा घेऊन. तू रिसोडले गेलता, फ्यूजची तार आनाले. हिरीनं तिले हात धरून बसोली. चार गडी लागले फिरवाले. पाच फेऱ्या झाल्या असतीन." तो जरा थांबला. "साऱ्याईनं शपथ घेतली, कोनाले सांगाचं नाई. आमची रोजी जात होती."

हिरीबाई म्हणाली, "मी वर गेली का बेबी खाली. ती वर गेली का मी खाली. निस्त्या हासून राह्यलो होतो."

मिशावाला माणूस देवमनच्या डोक्यातून उतरला होता, पण दुसरं काहीतरी वर आलं होतं.

"अन् डबा?"

"हं?"

"त्या दिवशी मले डबा भेटला नाई. भाकर जळाली म्हने ती."

हेमसिंगनं रेडिओ पुढं ओढला. "फिरवाले ताकद लागते, देवमन. वांग्याची भाजी होती. चांगली होती."

घरी येऊन देवमननं दाखला समोर घेतला. पहिला चालक तो नव्हता. एकवीस वर्षं गाव त्याला पाळणेवाला म्हणत आलं. आणि पाळणा सगळ्यात चांगला फिरला तेव्हा तो रिसोडला तार मोजून घेत होता. सही केली असती तर कोणाचंच काही बिघडलं नसतं. मात्र दोनशे अकरा फेकांच्या ओळीत बेबीची एक खरी आठवणही फेक म्हणूनच वाशीमला गेली असती, आणि तिच्याखाली नवऱ्याची सही असती.

त्यानं छापलेलं वाक्य आडव्या रेघेनं खोडलं आणि खाली पेनानं लिहिलं:

'पाळण्याची पहिली फेरी उद्घाटनाच्या आदल्या दिवशी हातानं झाली. चालक हेमसिंग. बसणाऱ्या आठ बाया, पायाची खडी वाहणाऱ्या सात व बेबीताई देवमन. मी हजर नव्हतो. उद्घाटनाच्या दिवशी मोटारीवर अडीच फेरी मी चालवली, त्यात बाहेरगावचे लोक होते. इतर कोणीही ग्रामस्थ बसलेला नाही. बसायची इच्छा मात्र सर्वांची आहे.'

पल्लवीनं सोमवारी सकाळी ते वाचलं आणि डोक्याला हात लावला. "काका, हे काय करून ठेवलं? सारं गाव खोटं पडलं नं!"

"शेवटची ओळ वाच. ती तुह्या साऱ्या आठवनीहून खरी हाय."

तिनं ती पुन्हा वाचली आणि कागद फाइलीत लावला. वेळ नव्हता. गावात बातमी फुटली. ललिताबाईनं ग्रुप सोडला. माणिकराव म्हणाले, याच्यामागं कोणीतरी मोठा माणूस आहे. पंधरा दिवसांनी फाइल एका शेऱ्यासह परत आली. दाखल्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. जुन्या खरेदीच्या कागदावर 'समुद्रकिनारी वापराचा पाळणा' असं होतं, म्हणून विचारलं होतं: 'किनाऱ्यापासूनचे अंतर नमूद करावे.' पल्लवीनं नमूद केलं. फाइल पुन्हा गेली आहे.

दाखल्याची गोष्ट बेबीताईपर्यंत हिरीबाईनंच आठवडी बाजारात पोचवली. त्या संध्याकाळी बेबीताई नवऱ्याकडं टक लावून पाहत राहिली.

"इतकं खरं लिवाची काय गरज पडली तुमाले? काय हाय मनात?"

"काई नाई."

"काई नाई म्हनजे नक्की काईतरी हाय."

देवमननं ग्रीसचा डबा घेतला. "चाल."

तळ्यात पाणी होतं, उन्हं कलली होती, भेळेची गाडी अजून लागायची होती. सगळ्यात खालच्या माशाची खीळ त्यानं तीनदा हलवून पाहिली, कडीला ग्रीस चोपडलं, बैठक गमछ्यानं पुसली. बेबीताई गुडघ्यावर हात देऊन आत बसली. पाळणा काही फिरणार नव्हता. समोरचा मासा वर, उंच, रिकामा होता. पण तिचा मासा त्यानं हातानं ढकलला, तसा तो करकरत पुढं गेला आणि मागं आला.

"वरून काय दिसे?" त्यानं विचारलं.

"सांगतलं नं. तळ्याचं पानी."

"आनखी?"

तिनं पदर सावरला. "तुमी दिसले. रिसोडच्या रस्त्यानं सायकलवर येत होते, कॅरेजले तारेचं भेंडोळं. मी ओरडली, उतरवा वं मले, आले हे."

देवमननं मासा पुन्हा ढकलला.

"मले आवाज काहून नाई देल्ला वरून?"

"देल्ला असता, तं तुमी खालून इचारलं असतं, वर कायले गेली म्हनून."

देवमननं यावर विचार केला. विचारलं असतं, हे खरं होतं.