बुधवारची सुई

एकोणिसावा आठवडा. डावी बाजू.

क्रिसांतोने खुडूक कोंबडीच्या पोटाखाली हात घातला. अंड्यांच्या मधून त्याने काचेची छोटी कुपी काढली, शर्टाला पुसली आणि उजेडात तिरकी धरली. आतलं तेलकट औषध आता पाण्यासारखं सरकत होतं.

"वीस वर्षं मी हे तळहातात चोळून गरम करतेय," आरोग्य केंद्राच्या पेर्पेतुआ मॅडम म्हणाल्या. "कोंबडीला पगार किती देतोस?"

मॅडम दर बुधवारी होडीने चार बेटं करायच्या. आता वाऱ्याचे महिने येत होते, होडीचा भरवसा नव्हता, म्हणून इंजेक्शन द्यायला नवऱ्याने शिकायचं ठरलं होतं. शिकायचं तरी काय, असं क्रिसांतोला वाटत होतं. झुंजीचे कोंबडे पाळणाऱ्या प्रत्येकाला सुई येते, आणि त्याच्या हाताचं तर तीन बेटांवर नाव होतं. पक्ष्याला कळायच्या आत सुई बाहेर.

त्याची बायको जोव्हेलिन बांबूच्या बाजेवर पालथी पडली होती. पोट अजून फारसं दिसत नव्हतं. आधीची दोन बाळं अशीच दिसू लागली आणि गेली. एक सव्विसाव्या आठवड्यात, दुसरं सत्ताविसाव्या. दोन्ही रडली नाहीत. मॅडमनी सुरुवातीलाच सगळं स्पष्ट सांगितलं होतं. हे हार्मोन बाईच्या अंगात असतंच, आपण वरून आणखी देतो, गर्भाची पिशवी शांत राहावी म्हणून. आठवड्याला एक, छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, डॉक्टरांमध्येही यावरून वाद आहेत. पण तुझ्यासारखीचा धोका कमी होऊ शकतो.

"कमी म्हणजे किती?" जोव्हेलिनने तेव्हा विचारलं होतं, आणि मॅडमनी उत्तर द्यायच्या आधीच म्हणाली होती, "जाऊ दे. द्या."

आज मॅडम क्रिसांतोला जागा दाखवत होत्या. कुल्ल्याचा वरचा, बाहेरचा चतकोर. तिथे जमलं नाही तर मांडी, बाहेरच्या बाजूने, मधोमध. सुई आत गेली की दट्ट्या थोडा मागे ओढायचा, रक्त येतंय का बघायचं. हे सगळं बोलणं जोव्हेलिनच्या पाठीवरून चाललं होतं, टेबलावरून चालावं तसं.

क्रिसांतोने सुई मारली, दट्ट्या दाबला, सुई काढली. आणि शाबासकीसाठी वर पाहिलं.

"कोंबडा नाहीये ती," मॅडम म्हणाल्या.

तेल दाट असतं, ते मिनिटभर सावकाश सोडायचं असतं. त्याने तीन सेकंदांत कोंबलं होतं. तिथे लिंबाएवढी गाठ आली. जोव्हेलिन तीन दिवस उभ्याने जेवली.

वीस. उजवी.

भिंतीवर घड्याळ होतं. पण एका हाताने कातडी ताणायची, दुसऱ्याने दट्ट्या दाबायचा, तर घड्याळाकडे बघणार कोण? जोव्हेलिनने तोडगा काढला. ती चार वेळा 'नमो मारिया' म्हणणार, चौथ्याच्या शेवटी औषध संपायला हवं.

ज्याला दुखतंय तो प्रार्थना भरभर उरकणार, असा क्रिसांतोचा हिशोब होता. तिने एकेक शब्द माशातला काटा काढावा तसा काढला. पायाची बोटं बाजेच्या पट्टीत रुतली होती, आवाज मात्र त्याच चालीचा. तिसऱ्या प्रार्थनेत दाट तेल रेटून त्याचा अंगठा दुखू लागला. त्याला वाटलं, आता तरी ही घाई करेल.

चौथी तिने आणखी सावकाश म्हटली.

गाठ आली नाही.

एकवीस, बावीस, तेवीस. डावी, उजवी, डावी.

काही घडलं नाही. तीन बुधवार त्यांनी काही न घडण्यासाठी खर्च केले.

चोवीस. उजवी.

झुंजीच्या रिंगणावर पोरं त्याला सोडत नव्हती. कोंबड्याच्या पायाला धारदार काती बांधताना कुणीतरी विचारलं, की बायकोलाही टोचतोस म्हणे, तिला झुंजीत कधी उतरवतोस? पूर्वी असल्या टोमण्याला त्याने दुप्पट टोमणा परत दिला असता.

"उतरलीय ती," तो म्हणाला आणि दोऱ्याची गाठ आवळली.

पंचवीस. (डावी.)

सव्वीस. उजवी, पण बुधवारची. त्याच्या आधी मंगळवार होता.

पहिलं बाळ गेलं ते याच आठवड्यातल्या मंगळवारी. जोव्हेलिनने सकाळी डब्यातले तांदूळ सुपात ओतले, दाणा दाणा निवडले, चांगले एकीकडे, तुटके एकीकडे. संध्याकाळी सगळे पुन्हा एकत्र करून डब्यात भरले. क्रिसांतो दिवसभर दारात बसून होता. दोघांपैकी कुणीही मंगळवार हा शब्द उच्चारला नाही.

मग बुधवार आला.

सत्तावीस. डावी.

मोठ्या बेटावर मोठी झुंज होती आणि कोंबड्यांच्या मालकाला काती बांधायला क्रिसांतोच हवा होता. या आठवड्यात घर सोडणार नाही, असं तो म्हणाला. जोव्हेलिनने त्याचा शर्ट पिशवीत कोंबला.

"तू इथं बसून माझ्याकडे असाच बघत राहिलास तर मीच पळून जाईन. सोमवारी जा, मंगळवारी ये."

मंगळवारी दुपारी वादळाचा बावटा लागला. तटरक्षक दलाने सगळ्या होड्या किनाऱ्यावर ओढायला लावल्या, त्यांच्या बाजूच्या बांबूच्या उलांड्यांना दोर बांधले. घरच्या बेटावरचा मोबाइलचा टॉवर पडला होता, फोन लागत नव्हता. बुधवार उजाडला तेव्हा क्रिसांतो धक्क्यावर दोन पिंजरे घेऊन बसला होता. पेर्पेतुआ मॅडमही तिथेच अडकल्या होत्या. त्यांनी त्याला भात खायला लावला. घरी चार आठवड्यांच्या कुप्या आणि सुया ठेवल्यात, एकदोन दिवस मागेपुढे झाले म्हणून आभाळ कोसळत नाही, असं समजावलं.

"तुम्हाला काय माहीत, मॅडम?"

मॅडम रागावतील असं त्याला वाटलं. त्या समुद्राकडे बघत राहिल्या.

"नाही माहीत," त्या म्हणाल्या. "कुणालाच नाही."

गुरुवारी बावटा तसाच. क्रिसांतो उजव्या हाताचा अंगठा मिटत होता, उघडत होता. आख्ख्या बेटावर तिला सुई द्यायला शिकलेला हात हा एकच, आणि तो इथे.

शुक्रवार.

पहिल्या होडीने दोघं आले. वाट चिखलाची होती, माड आडवे पडले होते. क्रिसांतो मॅडमना मागे टाकून पळत सुटला.

जोव्हेलिन वळचणीखाली शेवग्याचा पाला खुडत बसली होती. पोट होतं तिथेच होतं. बसली होती ती मात्र सगळा भार उजवीकडे टाकून. तो तिच्याकडे न जाता आधी घरात गेला, कुप्यांचा डबा उघडला. एक कमी होती.

बाहेर येऊन तो, सुई कुणी दिली म्हणून, नावं घेत सुटला. शेजारची का? शाळेतली बाई का? ती मान हलवत राहिली. एव्हाना मॅडम पोचल्या होत्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि काही न विचारता तिच्या झग्याचा काठ वर केला. डावी मांडी, बाहेरची बाजू, मधोमध एक ठिपका. मॅडमनी बोटांनी चाचपून पाहिलं. गाठ नव्हती.

"कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच. याला सांगत होतात ना. मी काय बाजारात गेले होते?"

मॅडम पायरीवर बसल्या. "मी दिलं असतं तर इथेच दिलं असतं," त्या म्हणाल्या.

क्रिसांतो उभाच होता. त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

"दोन दिवस थांबली असतीस तर..."

"बुधवार होता," जोव्हेलिन म्हणाली.

तो तिच्यासमोर खाली बसला. तिने पाल्याची अर्धी जुडी त्याच्यापुढे सरकवली.

"पुढच्या बुधवारी तूच दे," ती म्हणाली. "स्वतः देताना डोळे मिटता येत नाहीत."