उजवी बाजू

“काकू, हे काय करून ठेवलंत?”

धाकटे मालक एक मुंडकं दोन्ही हातांत धरून रंगखोलीच्या दारात उभे होते. काकूंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. मुंडक्याची डावी बाजू नेहमीसारखीच होती, कातडीची, भुवई-पापणीसकट. उजवी बाजू सोललेली दिसायला हवी होती: लाल स्नायू, कानापुढून गालावर पसरलेले पिवळे मज्जातंतू. पण तिथेही डोळ्याखालपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत कातडीचा रंग चढला होता. चांगले दोन हात देऊन, अगदी सफाईने.

“हे मी केलं?”

“नाही, भुताने केलं! आणि पहिल्यांदा नाही, काकू. परवाही झालं होतं, मी बोललो नाही. मुलांनी यावरून शिकायचं काय? माणसाला गाल असतो, एवढंच?”

मालक रागावले की थट्टा करत, आणि थट्टा करून झाली की त्यांनाच वाईट वाटे. ते मुंडकं हलकेच टेबलावर ठेवून म्हणाले, “पुसून घ्या. जुन्या साच्यातलं हे शेवटचंच. नवे साचे आलेत. त्यांचा चेहरा काँप्युटरवर बनवलाय, कुणाचाच नाही. जुने आज फोडून टाकायला सांगितलेत.”

काकूंनी टर्पेंटाइनची बाटली उघडली आणि तशीच ठेवली.

या कारखान्यात माणसं तयार होत. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळेत उभा असतो ना, कमरेपर्यंतचा माणूस, छाती कपाटाच्या दारासारखी उघडणारा? तो. आत फुफ्फुसं, हृदय, जठर, आतड्यांचं वेटोळं, मागे मूत्रपिंडं. सगळं काढता-घालता येणारं. हे सगळे अवयव रंगवण्यात काकूंचं आयुष्य गेलं. यकृताला तपकिरी, पित्ताशयाला हिरवा, रोहिणीला लाल, नीलेला निळा. पोरीच्या फ्रॉकचा रंग सांगताना सुद्धा त्या “प्लीहेसारखा” म्हणून जात आणि दुकानदार बघत राही.

आणि या सगळ्या माणसांचा चेहरा काकूंच्या नवऱ्याचा होता.

तो इथेच माल बांधायच्या खात्यात होता. तेव्हाच्या मूर्तिकार मास्तरांना चेहरा हवा होता, फार देखणा नाही, फार कुरूप नाही. त्यांनी याला पकडून आणलं, नाकात नळ्या खुपसल्या आणि तोंडावर प्लास्टर थापलं. काकू त्या वेळी कामावर नव्या होत्या, लग्नाचा पत्ताच नव्हता. त्या रंगाचे डबे घेऊन दारापाशी आल्या, समोर पाहिलं आणि एकदम बोलून गेल्या, “अगं बाई, ह्याला जिवंतच पुरला की काय!”

प्लास्टरखाली तो हसला. दार त्याच्या उजवीकडे होतं, आवाज तिकडून आला, आणि हसूही तिकडेच फुटलं. साचा भरून काढल्यावर मास्तर संतापले. शरीराच्या नमुन्याने हसून कसं चालेल! शेवटी त्यांनी करवतीने चेहरा मधोमध कापला. डावी बाजू ठेवली, मिटलेला डोळा कोरून उघडला. उजव्या बाजूला मातीचे स्नायू बसवले. “नाहीतरी अर्धा चेहरा सोललेलाच हवा होता,” म्हणाले.

नवरा पुढे सगळ्यांना सांगत फिरे, “शाळेत कधी धड बसलो नाही, म्हणून आता सगळ्या शाळांत उभा आहे.” ही थट्टा त्याने इतक्यांदा केली की काकू आधीच हात जोडत.

मुलगी रांगत होती तेव्हा त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा गाल ओघळला तो ओघळलाच. हसला की डावीकडे वर जाई आणि उजवीकडे काहीच होत नसे. मुलगी आधी घाबरायची, मग सवय झाली. तिने बापाचा दुसरा चेहरा पाहिलाच नाही. डॉक्टरांनी समजावलं होतं, “गालाच्या नसा ठीक आहेत हो. वर मेंदूतून हुकूमच येत नाही.” दुसऱ्या दिवशी कानापुढच्या पिवळ्या रेषा काढताना काकू दोनदा थांबल्या. रेषा मात्र बरोबर आल्या.

आता त्याला जाऊनही वर्ष उलटून गेलं होतं. तो पहाटे स्वप्नात येई. पलंगाच्या कडेला बसे, नेहमी उजवी बाजू काकूंकडे करून, आणि ती बाजू लाल, उघडी असे. “अहो, नीट बघा ना इकडे,” काकू म्हणत. तो वळत नसे. जाग आली की काकू पडल्यापडल्या त्याचा धडधाकट उजवा गाल आठवायला बघत आणि तो आठवत नसे. एक ओघळलेला, एक सोललेला, तिसरा कुठला? फोटोत तर तो फौजदारासमोर उभा केल्यासारखा. आपण त्या माणसाबरोबर संसार केला आणि त्याचं हसू आपल्याकडे नाही, या विचाराने त्या उठून बसत. रंगखोलीत मग हातच परस्पर त्या सोललेल्या गालावर कातडी चढवू लागला होता.

अंगणातून हातोड्याचा आवाज आला. काकू उठल्या.

साचेवाले भाऊजी नवऱ्याचे जुने दोस्त. त्यांनी काकूंना येताना पाहिलं आणि हातोडा पाठीमागे धरला.

“वहिनी, तुम्ही आत जा. हे बघू नका.”

“माझ्या नवऱ्याचं डोकं फोडताय आणि मीच बघू नको?”

भाऊजी ओशाळून हसले. काकू विटांच्या ढिगावर टेकल्या. साच्याचे तुकडे पायाशी पडले होते. एकात कानाची पोकळी होती.

“भाऊजी, मास्तरांनी कापलेली ती उजवी बाजू... तिचं काय केलं हो पुढे?”

“तिचं?” भाऊजींना नवल वाटलं. “ती आहे की.”

“आहे? कुठे?”

“कोठीच्या दाराला. दार आपटू नये म्हणून लावतो ना आपण तो गोळा, तोच. तुम्हाला ठाऊक असेल असंच धरून चाललो मी.”

तो गोळा काकूंनी रोज पाहिला होता. हातात डबे असले की पायाने सरकवलाही होता. भिंतीकडे तोंड केलेला, प्लास्टरच्या धुळीने माखलेला दगडच समजत होत्या त्या त्याला.

भाऊजींनी तो आणून दिला. काकूंनी पदराने पुसायला घेतला. आधी भुवई आली, मग मिटलेला डोळा, कडेला बारीक सुरकुत्या पडलेल्या. मग गाल. गालाच्या हाडापासून ओठाच्या कोपऱ्याकडे तिरका उतरणारा स्नायू काकूंनी आयुष्यभर लाल रंगवला होता. तो कशासाठी असतो ते त्यांना आज दिसलं. त्याने ओठाचा कोपरा वर खेचून धरला होता.

“असाच हसायचा बेटा,” भाऊजी म्हणाले आणि नाक पुसत हातोडा शोधू लागले. तो त्यांच्या हातातच होता.

काकू रंगखोलीत परतल्या. टर्पेंटाइनच्या बोळ्याने त्यांनी शेवटच्या मुंडक्याचा गाल पुसला आणि त्यावर लाल स्नायू रंगवले, पिवळे तंतू काढले, जसे पुस्तकात असतात तसे. कुठल्यातरी शाळेत कुणीतरी यावरून शिकणार होतं. मालकांनी ते बघितलं, मग काकूंच्या पिशवीतला पांढरा तुकडाही बघितला, आणि दिवा मालवला.

घरी मुलगी आधीच आली होती. आईने टेबलावर ठेवलेल्या वस्तूकडे ती बघत राहिली.

“हे कोण गं?”

“तुझे बाबा.”

मुलीने बोट पुढे केलं, पण गालाला लावलं नाही. “बाबा या बाजूने हसायचे?”

“आधी हीच बाजू हसायची.”

“डोळे मिटून? कुणाला एवढं हसत होते?”

“मला. मी दारात उभी होते.”

“काय म्हणालीस तू?”

काकूंनी खुर्ची ओढली नाही. त्या घराच्या दारापर्यंत गेल्या, वळल्या, आणि तिथूनच म्हणाल्या, “अगं बाई, ह्याला जिवंतच पुरला की काय!”

मुलगी खळखळून हसली. काकूंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या टेबलाकडे बघत थांबून राहिल्या. ओठाचा तो कोपरा आधीच वर गेलेला होता.